ड्रमरला काम नव्हतं त्या वर्षी

सतरा वर्षं मी मागे बसलो.
पुढे एन्सिओची पाठ, घामानं काळी झालेली,
तिच्याकडे बघून मला कळायचं
कधी थांबायचं, कधी तुटून पडायचं.
ताम्पेरेच्या कापडगिरण्यांतली पोरं आम्ही,
मागांच्या खडखडाटात वाढलेली,
हळू बोलायची सवयच नव्हती कुणाला.
बँडचं नाव राउतालिन्तु. लोखंडी पक्षी.
उडणं कमी, आवाज जास्त.

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात उर्पो हेलसिंकीहून आला
आणि व्हॅनमधून त्यानं एक खोकं उतरवलं,
काठोकाठ भरलेलं पातेलं धरावं तसं.
आत करडं यंत्र. सोळा बटणं.
"हे जेवत नाही," उर्पो म्हणाला,
"पीत नाही, लग्न करत नाही, आणि
दुसऱ्या कडव्यात घाई करत नाही."
सगळे हसले. मीही हसलो.
दुसऱ्या कडव्यात घाई कोण करायचं
ते सगळ्यांना माहीत होतं.

मला कुणी काढलं नाही, हे लिहून ठेवा.
करारावर माझी सही आहे.
फक्त काम नव्हतं.
मी कॉफी करायचो, व्हॅनवरचा बर्फ खरवडायचो,
तम्मेलाच्या बाजारातून रक्ताचं सॉसेज आणायचो
लिंगनबेरीच्या मुरंब्यासकट,
आणि उरलेला दिवस गाण्याच्या खोलीत
एन्सिओच्या मागे, भिंतीला टेकलेल्या
लाकडी खुर्चीत बसायचो.
त्याची पाठ आता कोरडी होती.
केस कापले होते.
जन्मभर पाइन तोडावा तसा गाणारा माणूस
कुजबुजत होता,
शेजारच्या खाटेवर कुणी झोपलंय अशा बेतानं.
गाणी लिफ्टबद्दल होती. उपग्रहाबद्दल.
एका बाईबद्दल, जी फोन उचलत नाही.
(ती बाई खरी होती. लाहतीला राहायची.)

खरं सांगू? मला आवडत होतं.
तेव्हा बोललो नाही, मूग गिळून बसलो,
कारण ज्याची भाकरी जाते
त्यानं भाकरी नेणाऱ्याच्या सुरावर
मान डोलवू नये, अशी रीत आहे.
पण तो आवाज…
गोठलेल्या तळ्यावर रात्री एकटं उभं राहावं
आणि खालून बर्फ तडकत जावा,
लांब, पातळ, या काठापासून त्या काठापर्यंत,
तसा.
सतरा वर्षं आम्ही त्याच तळ्यावर
कुऱ्हाडीनं नुसती भोकं पाडत होतो.

'उद्याची खोली' असं नाव ठेवलं.
कव्हरवर रिकामी खोली, गुलाबी ट्यूबलाइट.
अकराशे बारा प्रती खपल्या.
सेइनायोकीच्या जत्रेत तिसऱ्या गाण्याला
कुणीतरी बाटली फेकली, ती यंत्राला लागली.
यंत्र थांबलं नाही.
यंत्राला लाज नसते, हा त्याचा खरा गुण.
पेपरात आलं: लोखंडी पक्ष्याला प्लास्टिकची पिसं.
पुढच्या उन्हाळ्यात गिटारी परत, केस परत,
मी परत माझ्या जागी,
आणि त्या वर्षाचं नाव कुणी काढेना,
घरातलं कुणी तुरुंगात जाऊन आल्यासारखं.

न खपलेली चाळीस खोकी माझ्या गळ्यात पडली.
सौनाच्या मागच्या शेडमध्ये रचली.
सिर्क्का म्हणायची, जाळ ती.
प्लास्टिकचा धूर वाईट, एवढ्यासाठी राहिली.

परवा एक फोडलं.
उंदरांनी कव्हर खाल्लेलं, तबकडी शाबूत.
दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं,
ती फोन न उचलणारी बाई.
युर्की नावाचा पोरगा होता स्टुडिओत, सगळं पुसायचा:
खोकला, श्वास, कागद उलटल्याचा आवाज.
हे त्यानं का ठेवलं, ठाऊक नाही.
यंत्राच्या दोन ठोक्यांमध्ये
लाकूड करकरतं. एकदाच.
मी खुर्चीत जरा पुढे झुकलो असेन.

दुसरं कडवं आहे ते.
आणि करकर
ठोक्याच्या किंचित आधी येते.